आम्लातले रहिवासी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. ७७ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक सुनेला सोबत घेऊन दवाखान्यात आले. दहा-बारा वर्षांचा आमचा परिचय. सारे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही म्हणतो. हृदयविकारामुळे ॲस्पिरिनची लहान गोळी रोज, गुडघे फारच दुखले तर दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी, आणि सकाळी चहापूर्वी ‘पित्ताची गोळी’ असा त्यांचा नेम. या वेळी तक्रार थकव्याची होती. जिना चढताना धाप लागत होती. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन बरेच उतरलेले. खोदून विचारले तेव्हा कळले की मध्यंतरी तीन-चार दिवस शौचाला डांबरासारखे काळे आणि चिकट झाले होते. ‘खाण्यात काहीतरी आले असेल’ असे मनाशी म्हणून गुरुजींनी तो विषय घरात काढलाच नव्हता.

आणखी एक गोष्ट सुनेने सांगितली. पित्ताची गोळी फार दिवस घेतली तर हाडे ठिसूळ होतात, असा मजकूर कोणीतरी मोबाइलवर पाठवला होता. तो वाचून गुरुजींनी तीन महिन्यांपूर्वी ती गोळी बंद केली होती. “पित्ताचा त्रास तर मला आता नाहीच, मग गोळी कशाला?” हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. कारण ती गोळी पित्तासाठी दिलेलीच नव्हती. ॲस्पिरिनमुळे जठराला जखम होऊ नये म्हणून ती दिलेली होती, आणि इतक्या वर्षांत हे मी त्यांना एकदाही नीट समजावून सांगितले नव्हते. दर वेळी कागदावर ‘पूर्वीप्रमाणे चालू’ एवढेच लिहीत आलो. ही चूक माझी.

दुर्बिणीतून जठराची तपासणी झाली. एक व्रण सापडला. अस्तराचा छोटासा तुकडा तपासला, त्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू निघाला. अहवाल वाचून सूनबाईंनी विचारले, “डॉक्टर, ॲसिडमध्ये जंतू मरतात ना? न्हाणीघर स्वच्छ करायला आपण ॲसिडच वापरतो. मग बाबांच्या पोटात हा जंतू जगला कसा?”

प्रश्न इतका नेमका होता की त्याचे उत्तर दोन वाक्यांत देववेना. आजचा लेख म्हणजे त्या दिवशी अपुरे राहिलेले उत्तर आहे.

आम्ल किती तीव्र?

आम्लता मोजण्याच्या पट्टीला आपल्या पाठ्यपुस्तकांत सामू म्हणतात. प्रयोगशाळेत तिलाच पीएच म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७. आकडा जितका खाली जाईल तितके आम्ल तीव्र, आणि प्रत्येक पायरी उतरताना आम्लता दहापट वाढते. घरच्या दह्याचा सामू साधारण ४ ते ४.५ असतो, लिंबाच्या रसाचा २ ते २.५. उपाशीपोटी आपल्या जठरातील रसाचा सामू १.५ ते २ च्या आसपास असतो. दह्यापेक्षा तो शेकडो पट आम्ल आहे. असा दीड ते दोन लिटर रस आपले जठर रोज तयार करते, आणि त्यातील मुख्य आम्ल हायड्रोक्लोरिक आम्लच असते. न्हाणीघराच्या ॲसिडशी सूनबाईंनी केलेली तुलना रसायनशास्त्राच्या दृष्टीने अचूक होती.

अशा आम्लात काहीही जगू शकणार नाही, असे कोणालाही वाटेल. वैज्ञानिकांनाही फार काळ तसेच वाटत होते. परंतु पृथ्वीवर अशी स्थळे आहेत, जिथे आपल्या जठराहूनही तीव्र आम्लात सूक्ष्मजीवांच्या वस्त्या नांदत आहेत.

लाल नदी आणि गुलाबी साय

स्पेनच्या नैर्ऋत्येस ऊएल्वा प्रांतात रिओ तिंतो नावाची नदी आहे. सुमारे १०० किलोमीटर लांबीच्या या नदीचे पाणी द्राक्षाच्या मद्यासारखे गडद लाल दिसते. त्याचा सामू सरासरी २.३, म्हणजे लिंबाच्या रसाइतका. या खोऱ्यात सुमारे ५,००० वर्षांपासून तांबे, चांदी आणि इतर धातूंसाठी खाणकाम होत आले. त्यामुळे नदीची ही अवस्था केवळ माणसाने केली, असा समज होता. खाणींनी भर घातली हे खरेच; पण मूळ कर्ते आहेत तेथील सूक्ष्मजीव. खोऱ्यातील खडकांत लोह आणि गंधक यांचे पायराइट नावाचे खनिज मुबलक आहे. ॲसिडिथायोबॅसिलस, लेप्टोस्पिरिलम यांसारखे जीवाणू या खनिजातील लोहावर, काही जण गंधकावरही, रासायनिक प्रक्रिया करून आपली ऊर्जा मिळवतात. त्यातूनच पाण्यात सल्फ्युरिक आम्ल उतरते आणि लोहाचा लाल रंग चढतो. आपण धान्य खातो, ते खडक खातात.

हे जीवाणू एकटे राहत नाहीत. काही लोहाचे रूपांतर करतात, तर काही नेमकी उलटी क्रिया करून ते लोह पुन्हा पहिल्या रूपात आणतात. काही इतरांनी टाकलेल्या सेंद्रिय अवशेषांवर जगतात. त्या पाण्यात हिरवी शैवाले आहेत, बुरश्या आहेत. पेशींची रचना आपल्या पेशींसारखी असलेल्या सजीवांची तेथील विविधता २००२ मध्ये तपासली गेली, तेव्हा संशोधकही थक्क झाले. मंगळावर कधी काळी जीवसृष्टी असलीच तर ती कशी असेल, याचा अंदाज बांधण्यासाठी अवकाशशास्त्रज्ञ याच नदीकाठी अभ्यासाला येतात.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील आयर्न माउंटन येथील जुन्या खाणीत तर सामू शून्याच्याही खाली, उणे ३.६ पर्यंत, नोंदवला गेला आहे. नैसर्गिक पाण्यात मोजली गेलेली ही सर्वाधिक आम्लता मानली जाते. त्याच डोंगरातील खाणीच्या बोगद्यात, ४० अंश सेल्सिअसहून अधिक उष्ण आणि १ पेक्षाही कमी सामू असलेल्या पाण्यावर, दुधावर साय धरावी तसा गुलाबी थर तरंगताना आढळतो. ही साय म्हणजे सूक्ष्मजीवांची एक अख्खी वसाहत. जिलियन बॅनफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये या वसाहतीतील सूक्ष्मजीव वेगवेगळे न वाढवता, थेट त्या थरातूनच त्यांची जनुकीय माहिती एकत्र वाचली. अवघ्या काही मोजक्या जातींनी ही वसाहत उभारली आहे, असे त्यातून दिसले. आज आपल्या आतड्यांतील जीवाणूंचा अभ्यास करण्यासाठी जी पद्धत वापरली जाते, तिच्या आरंभीच्या यशांपैकी हे एक. खाणीच्या अंधारात शिकलेली विद्या अशी माणसाच्या पोटापर्यंत आली.

जपानच्या होक्काइदो बेटावरील उष्ण, गंधकयुक्त भूमीत सापडलेला पिक्रोफिलस याहून अचाट आहे. ६० अंश तापमान आणि ०.७ सामू ही त्याची आवडती परिस्थिती. त्याला साध्या पाण्याजवळ आणले तर त्याचे आवरण फुटून तो मरतो.

आत मात्र सौम्यच

हे जीव जगतात तरी कसे? उत्तर साधे आणि मोठे सुंदर आहे. बाहेर कितीही आम्ल असो, बहुतेकांच्या पेशीच्या आतला सामू ५ ते ७ च्या दरम्यान राहतो. पिक्रोफिलसच्या आतही तो सुमारे ४.६ असतो, ०.७ च्या बाहेरच्या जगापेक्षा हजारो पट सौम्य. त्यांच्या पेशींचे आवरण असे विणलेले असते की आम्लाचे कण सहजी आत शिरत नाहीत. जे शिरतात त्यांना बाहेर फेकणारे सूक्ष्म पंप अखंड चालू असतात. मुसळधार पावसात घर कोरडे ठेवावे, तशी ही धडपड असते.

आपले जठरही हेच करते. त्याच्या आतल्या बाजूस बुळबुळीत द्रवाचा जाड लेप असतो, आणि त्या लेपात आम्लाचा प्रभाव मारणारा क्षार झिरपत राहतो. म्हणून जठराच्या पोकळीत सामू १.५ असला तरी अस्तराच्या पेशींना भिडलेला भाग जवळजवळ पाण्याइतका सौम्य असतो. ॲस्पिरिन आणि वेदनाशामक गोळ्या हा लेप आणि क्षार निर्माण करणारी यंत्रणाच दुबळी करतात. मग आपलेच आम्ल आपल्याच भिंतीला खाऊ लागते.

आडोशाला राहणारा पाहुणा

आता सूनबाईंच्या प्रश्नाकडे. हेलिकोबॅक्टर हा रिओ तिंतोच्या जीवाणूंसारखा आम्लप्रेमी नाही. उघड्या आम्लात त्याचा फार काळ निभाव लागत नाही. तो त्या लेपाच्या आडोशाला राहतो. तिथवर पोहोचण्यासाठी त्याच्याजवळ दोन साधने आहेत. मळसूत्रासारखे शरीर आणि शेपट्यांसारखे तंतू यांच्या बळावर तो पोहत जातो. आणि युरिएज नावाच्या विकराने जठरातील युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतो. अमोनियामुळे त्याच्याभोवतीचे आम्ल मावळते आणि घट्ट लेपही थोडा पातळ होऊन वाट मोकळी होते. म्हणजे आम्लाच्या समुद्रात स्वतःपुरती एक सौम्य खोली बांधून तो राहतो. बहुधा बालपणीच घरातील जवळच्या माणसांकडून तो शिरतो आणि उपचार न केल्यास जन्मभर मुक्काम ठोकतो. जगातील सुमारे निम्म्या लोकांच्या पोटात तो आहे, आणि त्यांतील बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. काहींना मात्र व्रण होतो, आणि थोड्या जणांत वर्षानुवर्षांच्या दाहातून जठराचा कर्करोग उद्भवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९४ मध्येच त्याची गणना कर्करोगकारकांत केली.

हे सारे मान्य व्हायला वेळ लागला. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञाला १९७९ मध्ये जठराच्या नमुन्यांत वाकडे जीवाणू दिसले. ‘आम्लात जंतू जगत नाहीत’ या ठाम समजुतीमुळे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. प्रयोगशाळेत जीवाणू वाढवण्याचे प्रयत्न फसत होते, कारण ताटल्या दोन दिवसांत टाकून दिल्या जात. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीत त्या चुकून अधिक दिवस राहिल्या आणि जीवाणू वाढलेले दिसले. तरीही व्रणाचे कारण तिखट खाणे आणि काळजी करणे हेच, असे वैद्यकविश्व म्हणत राहिले. अखेर १९८४ मध्ये मार्शलने जीवाणूंचे मिश्रण स्वतः पिऊन टाकले. काही दिवसांतच मळमळ, उलट्या सुरू झाल्या आणि तपासणीत जठराला दाह झालेला दिसला. २००५ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर कित्येक रुग्णांनी ‘तिखट खाऊ नका, चिडू नका’ हे उपदेश ऐकत व्रण सोसला होता. काहींनी जठराचा भाग कापून टाकण्याच्या शस्त्रक्रियाही करून घेतल्या होत्या.

तपासणी आणि उपचार

या जीवाणूचे शस्त्रच त्याला पकडून देते. श्वासाच्या तपासणीत खास कार्बनची खूण असलेला युरिया प्यायला देतात. जीवाणू असेल तर तो त्या युरियाचे विघटन करतो आणि खुणेचा कार्बन काही मिनिटांत श्वासात उतरतो. शौचाच्या नमुन्यावरूनही निदान होते. या तपासण्यांपूर्वी दोन आठवडे आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोल अशा गोळ्या आणि चार आठवडे प्रतिजैविके बंद असावी लागतात. अन्यथा जीवाणू असूनही ‘नाही’ असा निकाल येऊ शकतो. गोळी कधी आणि कशी थांबवायची हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावे. रक्ताच्या तपासणीवरून पूर्वीचा संसर्ग कोणता आणि आताचा कोणता हे कळत नाही.

उपचार सहसा १४ दिवसांचे असतात. आम्ल कमी करणारी गोळी आणि दोन किंवा अधिक प्रतिजैविके एकत्र घ्यावी लागतात. तोंड कडू होते, पोट बिघडते, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळ्या सोडण्याचा मोह होतो. इथे काळजी घेणाऱ्याची खरी कसोटी असते. अर्धवट उपचारातून वाचलेले जीवाणू औषधांना दाद देईनासे होतात. यांतील काही प्रतिजैविकांचे रक्त पातळ करणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांशी जमत नाही; म्हणून उपचारापूर्वी घरातील गोळ्यांचा सगळा डबाच डॉक्टरांपुढे ठेवावा. पूर्वी पेनिसिलिनची ॲलर्जी झाली असेल तर आवर्जून सांगावे. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून जीवाणू गेल्याची खात्री करावी.

ज्येष्ठांसाठी यात एक आश्वासक बाब आहे. ब्रिटनमध्ये ६० वर्षांवरील, रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांचा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्यातील हा जीवाणू उपचाराने काढला गेला, त्यांच्यात पहिल्या अडीच वर्षांत व्रणातून होणारा रक्तस्राव लक्षणीय कमी झाला. पुढे तो फरक ओसरला. तेव्हा उपचारानंतरही सावधगिरी सुटत नाही.

वेशीवरचा पहारा

आम्लाला आपण वैरी समजतो. वास्तविक ते शरीराच्या वेशीवरचे पहारेकरी आहे. अन्नपाण्यातून आलेले असंख्य जंतू तिथेच नष्ट होतात. ज्यांच्या जठरातील आम्ल कमी असते त्यांना पटकीसारखा रोग कितीतरी कमी जंतूंनीही होतो. अन्नातील ब-१२ जीवनसत्त्व सुटे होण्यासाठी आणि लोह शोषले जाण्यासाठीही आम्ल लागते. उतारवयात काहींच्या जठराचे अस्तर झिजून आम्ल आपोआप घटते. आम्ल दबले की तोंडातले जीवाणूही पोटात आणि आतड्यांत वस्ती करू लागतात.

मग गुरुजींनी वाचलेला मजकूर खरा होता का? अर्धा. आम्लरोधक गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ आणि मॅग्नेशियमची कमतरता, हाडे मोडणे, आतड्यांचे संसर्ग यांचे प्रमाण काही पाहण्यांत अधिक आढळले. परंतु अशा पाहण्यांतील लोक मुळातच अधिक आजारी असू शकतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हृदयविकाराच्या सुमारे १७,५०० रुग्णांपैकी काहींना पँटोप्राझोल आणि काहींना औषध नसलेली गोळी देऊन सरासरी तीन वर्षे पाहिले. आतड्यांचे संसर्ग तेवढे थोडे अधिक दिसले: शेकडा १ ऐवजी १.४. हाडे मोडण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. गरज असलेल्याने भीतीपोटी गोळी सोडणे, आणि गरज नसलेल्याने सवयीपोटी ती चालू ठेवणे, दोन्ही टाळायला हवे.

घरच्यांनी एवढे पाहावे

• डब्यातील प्रत्येक गोळीपुढे ‘कशासाठी’ आणि ‘कधीपर्यंत’ हे लिहून ठेवावे. उत्तर माहीत नसेल तर पुढच्या भेटीत पहिला प्रश्न तोच विचारावा.

• आम्लरोधक गोळी न्याहारीपूर्वी अर्धा तास घ्यावी. बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम बंद केल्यास काही आठवडे जळजळ उसळू शकते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी.

• ॲस्पिरिन स्वतःहून बंद करू नये; हृदयाचा धोका वाढतो. गुडघेदुखीची गोळी मात्र विचारल्याशिवाय घेऊ नये.

• गोळी दीर्घकाळ चालू असेल तर अधूनमधून ब-१२ तपासावे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर अवश्य.

• आम्ल कमी असलेल्या ज्येष्ठांना शिळे अन्न, उघड्यावरची कापलेली फळे आणि न उकळलेले पाणी देऊ नये.

• डांबरासारखे काळे शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडखळणे, विनाकारण वजन घटणे, किंवा साठीनंतर नव्याने सुरू झालेला पोटाचा त्रास यांसाठी घरगुती उपायांत वेळ दवडू नये. काळे शौच किंवा रक्ताची उलटी झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळीनेही शौच काळे होते. पण तो निर्णय आपण घरी घेऊ नये.

गुरुजींनी चौदा दिवसांचे उपचार तक्रार न करता पूर्ण केले. व्रण भरून आल्यावर दोन आठवडे दुसऱ्या औषधावर ठेवून त्यांची श्वासाची तपासणी केली. जीवाणू गेला होता. हिमोग्लोबिन सावकाश वर येत आहे, आणि जिना आता एका दमात चढता येतो.

परवा ते गोळ्यांचा डबा घेऊन आले. प्रत्येक कप्प्यावर सूनबाईंच्या हस्ताक्षरात चिठ्ठी चिकटवलेली. सकाळच्या पहिल्या गोळीपुढे लिहिले होते: ‘पित्तासाठी नाही. ॲस्पिरिन चालू आहे तोवर पोटाच्या रक्षणासाठी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.’ जे वाक्य दहा वर्षांपूर्वी मी लिहायला हवे होते, ते आता त्या डब्यावर आहे. त्या दिवसापासून माझ्या कागदावरही ‘पूर्वीप्रमाणे चालू’ च्या पुढे कारण लिहिले जाते.